शॉकमधल्या हवेचा पंचनामा

गेल्या हिवाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधून रोज थोडी थोडी हवा चोरीला जात होती.

हसू नका. हवा फुकट मिळते म्हणून तिच्या चोरीची दखल घ्यायची नाही, या वृत्तीनेच नाशिकला खड्ड्यात घातलंय! आणि खड्ड्यांबद्दल बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे, कारण मी पत्रकं लिहिते. पोटासाठी एका क्लासमध्ये शिकवते. पण कुणी विचारलं तर पत्रकं लिहिते असंच सांगते. रस्ते, पाणी, झाडतोड, बंद दिवे, विषय कुठलाही द्या. 'नागरिकांनो, जागे व्हा!' इथे सुरुवात आणि 'हिशेब द्या, नाहीतर खुर्ची सोडा!' इथे शेवट. मधला मजकूर विषयाप्रमाणे बदलतो. चौकशी समित्यांवर माझा खास राग आहे. चहा प्यायचा, मुदतवाढ घ्यायची आणि अहवाल द्यायचा नाही, एवढंच या समित्यांचं काम असतं, हे वाक्य मी इतक्यांदा छापून घेतलंय की प्रेसवाला हल्ली मला बघितलं की ते आधीच टाइप करून ठेवतो.

तर हवा. टायरमधली नव्हे, दादाच्या मोटरसायकलच्या मागच्या शॉकमधली. चारचौघांच्या गाडीला मागे धक्के सोसायला स्प्रिंग असते. आमच्या दादाला चारचौघांसारखं काही चालत नाही. त्याने कुठून कुठून शोधून हवेवर चालणारा शॉक बसवून घेतला होता. सीटखाली सायकलच्या ट्यूबला असतो तसा बारका व्हॉल्व्ह. त्यातून पंपाने हवा भरायची आणि मग ती मूठभर हवाच गाडीला मागून उचलून धरते. हवा कमी झाली की गाडी मागून बसते आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्याशी बोलतो.

दादा कॅनडाला गेला त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. जाताना म्हणाला होता, "गाडी राहू दे. आलो की मलाच लागेल." या एका वाक्यावर आई आणि मी जगत होतो. तसं बोलून कुणी दाखवलं नाही. आईने गाडीवर जुनी चादर घातली आणि दर शनिवारी ती धुऊन पुन्हा घालायला लागली, एवढंच. बाबा मी शाळेत असतानाच गेले. त्यामुळे घरात आता आई, मी आणि चादर.

दादाचा फोन रविवारी यायचा.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"हो. आई?"

"बरी आहे."

"बरं."

"बरं."

(एवढ्यात राँग नंबरसुद्धा आटोपत नाही!)

आणि एका रविवारी 'बरं'च्या ऐवजी तो म्हणाला, "सायले, गाडी विकून टाकू या का? देवळ्याचा प्रशांत मागतोय. दिवाळीपासून मागे लागलाय."

आई ओट्यापाशी पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

गाडी विकायची याचा अर्थ काय, हे सांगायला आम्हा दोघींना कुणी लागत नव्हतं. ज्याला परत यायचंय तो गाडी विकत नाही.

"का विकायची?" मी सभेत बोलते त्या पट्टीत विचारलं.

"अगं, उभी राहून खराब होईल. शॉकमधली हवा तर एव्हाना गेलीच असेल."

"मुळीच नाही! गाडी ठणठणीत आहे!"

"हवा तपासलीस?"

"रोज तपासते!"

(मी त्या गाडीच्या सीटखाली आयुष्यात कधी डोकावलेही नव्हते.)

"रोज? मग उद्या सांग मला किती आहे ते."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या खणातून हवा मोजायचं गेज काढलं, व्हॉल्व्ह शोधण्यात बराच वेळ घालवला आणि शेवटी ते त्यावर दाबलं. फुस्स! काटा चाळीस पॉइंटवर.

"काय गं वाजलं ते?" चादरीची घडी करत आईने विचारलं.

"काही नाही. तपासणीचा आवाज आहे तो."

फोन लावला. दादाही चकित झाला. "अरे वा! मी ठेवून गेलो होतो जवळजवळ तेवढीच आहे की."

"मग? म्हटलं नव्हतं?"

लढाई मी तिथेच जिंकले होते. गेज खणात ठेवलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण एका मोजणीवर विश्वास ठेवून मोकळं होणं हे प्रशासनाचं काम, कार्यकर्त्याचं नव्हे! दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मोजली. फुस्स. अडतीस.

खात्रीसाठी लगेच पुन्हा. फुस्स. छत्तीस.

तिसऱ्यांदा. फुस्स. पस्तीस!

हवा माझ्या डोळ्यांदेखत जात होती! वर्षभर जागची न हललेली हवा, मी लक्ष घातल्याबरोबर जायला लागली होती. यावरून विचारी माणसाने काय निष्कर्ष काढला असता? मी काढला, की कुणीतरी आपल्या मागावर आहे.

आता दादाचे रोज फोन सुरू झाले. आमची सकाळ ती त्याची रात्र. कामावरून येऊन, ताटली मांडीवर घेऊन तो व्हिडिओ कॉलवर बसायचा आणि मी फोन सीटखाली धरून आरोपीची ओळखपरेड करायचे.

"व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोड. बुडबुडे येतात का बघ."

"नाही येत."

"आतली पिन घट्ट आहे?"

"आहे."

"शॉकच्या दांड्यावर पांढरं फडकं फिरव. तेलाचा डाग आला तर सील गेलं म्हणायचं."

आईने पांढरं फडकं म्हणून माझी नवी ओढणी दिली. ओढणी स्वच्छ राहिली. म्हणजे शॉक निर्दोष, पिन निर्दोष, सील निर्दोष. आणि हवा रोज कमी!

"अगं, परत भरून तरी टाक," आई म्हणाली.

"भरायची कशी? पुरावा नष्ट होईल!"

गाडी मागून कुठपर्यंत बसते तेही कळावं म्हणून मी शेजारच्या खांबावर सीटच्या उंचीला खडूने रेघ मारली. दोन दिवसांत गाडी रेघेखाली. नवी रेघ मारली. गाडी तिच्याही खाली. आठवडाभरात त्या खांबावर धरणाच्या भिंतीवर असतात तशा रेघाच रेघा झाल्या आणि माझा राग त्यांच्या उलट दिशेने वर चढत गेला. कारण दादा आता म्हणायला लागला होता, "असं असेल तर प्रशांतला देऊनच टाकू. दुरुस्त करून घेईल तो." गाडी चांगली आहे हे सिद्ध करायला निघालेली मी, रोज सकाळी ती विकायला कशी योग्य आहे याचा पुरावा गोळा करत होते!

तेव्हा एकच उरलं. बाहेरचा हात! आणि शॉकच्या अगदी जवळ उभी असायची ती गायधनी काकांची स्कूटर.

गायधनी काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. काकू नातवासाठी पुण्याला लेकीकडे गेलेल्या, त्या अजून परतायच्या आहेत. काका दिवसभर गॅलरीत उभे राहून येणाजाणाऱ्याला सांगायचे की गाडी सरळ लावा. माझा संशय मी कुणालाच बोलून दाखवला नाही. फक्त पत्रक काढलं. 'हवाचोरांनो, हिशेब द्या! एका आईच्या लेकाची गाडी कोण बसवतंय? वरून नजर ठेवणारेच खाली हात मारत नाहीत ना?' प्रत्येक दाराखालून एक सरकवलं. शेवटी सवयीने 'नाहीतर खुर्ची सोडा' हेही छापून गेलं होतं.

दहा मिनिटांत काका दारात. हातात पत्रक.

"सायलीबाई, 'वरून नजर ठेवणारे' म्हणजे कोण?"

"पत्रकात नाव नाहीये, काका."

"बिल्डिंगमध्ये वरून नजर ठेवणारा एकच माणूस आहे! अगं, उभी नोकरी कालव्याची गळती मोजण्यात गेली माझी. मला चोरायचंच असतं तर पाणी चोरलं असतं. हवा कशाला चोरू?"

"मग जाते कुठे?"

"ते शोधू ना! उद्यापासून माझ्यासमोर मोजायची. पंच म्हणून बसतो मी. माझी अब्रू आहे ही! आणि खुर्ची सोडायचं म्हणशील, तर खुर्ची घेऊनच येतो."

आणि खरंच आले! सकाळी कानटोपी, शाल आणि घडीची खुर्ची. अशा रीतीने रोजचा पंचनामा सुरू झाला. मी गेज लावायची, दादा फोनमधून आकडा वाचायचा, काका मोठ्याने तो आकडा पुकारायचे आणि आई खांबावर खडूने लिहायची. मग चहा. आई मखमलाबादची, माहेरी झेंडूची शेती. पहाटेच्या बाजारात शेकड्याने माणसं बघितलेली बाई फ्लॅटमध्ये आल्यापासून टीव्हीशी बोलायची. ती आता थर्मास भरून खाली उतरायला लागली.

"थंडीने आकसते हवा," काका म्हणायचे. "दुपारी मोजा, वाढलेली दिसेल."

"काका, इथे उणे अठरा आहे," दादा फोनमधून म्हणायचा. "इथे आणली असती तर गाडीच आकसली असती."

"कानटोपी घालतोस की नाही?" आई फोनवर वाकायची. "दाखव. आत्ता घालून दाखव."

आणि माझा दादा, कॅनडात, रात्री, खोलीत एकटा, कानटोपी घालून दाखवायचा. काका स्वतःच्या कानटोपीला हात लावून त्याला शाबासकी द्यायचे. मग त्याच्या खिडकीबाहेरचा बर्फ, काकांचा नातू, आईने केलेली मेथीची भाजी... शॉकबद्दल आम्ही जेमतेम दोन वाक्यं बोलायचो आणि बाकीचा वेळ नुसतं बोलायचो. मोर्च्यात मी शेकडो माणसांत असते. घोषणा संपल्या की फलक गुंडाळून एकटीच घरी येते. खाली पार्किंगमध्ये चौघंच होतो आम्ही, त्यातलं एक फोनमध्ये. तरी वर जायला पाय निघायचा नाही.

काटा फारच खाली आला की मी नाइलाजाने पंपाने पुन्हा चाळीस करायचे, काका 'नवीन प्रकरण' असं जाहीर करायचे आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

मधेच मला इगतपुरीला एका शिबिराला जावं लागलं. विषय 'पुरावा कसा गोळा करावा'. शिकवणार होते मी! निघायच्या सकाळी शेवटचं मोजून खांबावर ताजी रेघ मारली आणि पुराव्याशी कुणी छेडछाड करू नये म्हणून गेज पिशवीत घालून सोबत नेलं. पंचनामा तहकूब.

परत आले ती दुपारी. पार्किंगमध्ये कुणीच नव्हतं. काकांची खुर्ची घडी घालून भिंतीला टेकवलेली. इतक्या दिवसांत गाडी जमिनीला लागली असेल अशी मनाची तयारी करून मी चादर उचलली.

गाडी रेघेवर होती. केसभरही खाली नाही.

मी पिशवी खाली ठेवली. गेज काढलं. लावलं.

फुस्स.

शिबिरात नुकतंच तावातावाने सांगून आले होते, की पुरावा बघायचा नसतो, ऐकायचा असतो. मी ऐकलं. पुन्हा लावलं. फुस्स. गालाला गार हवा लागली. पुन्हा लावलं. फुस्स. काटा आणखी खाली, आणि गाडी माझ्यासमोर अगदी सावकाश, मोठ्या माणसाने सोफ्यात बसावं तशी, रेघेखाली बसली.

शॉकमध्ये हवा ती केवढीशी! गेज लावलं की तेवढ्यातली थोडी बाहेर. मी रोज तीन तीन वेळा लावत होते. हवाचोर सापडला होता. त्याच्या पिशवीवर 'सत्य बाहेर आलंच पाहिजे' असा बिल्ला होता.

मी तिथेच फरशीवर बसले. आनंद व्हायला हवा होता. गाडी चांगली होती! फक्त हे सांगितलं की संपलं. मग उद्या काका खाली कशाला येतील? आई थर्मास कुणासाठी भरेल? आणि दादा? दादा पुन्हा रविवारी. जेवलीस, हो, बरं, बरं.

बिल्ला काढून पिशवीच्या आत टाकून मी वर गेले आणि कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या सकाळी इमानेइतबारे फुस्स केलं. काकांनी आकडा पुकारला. आईने लिहिला. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या भ्रष्टाचाराला इतकं मनापासून समजून घेतलं नव्हतं.

तेवढ्यात दुसऱ्या फोनची रिंग. देवळ्याहून प्रशांत.

"ताई, रविवारी येतो मी. टेम्पोच घेऊन येतो. शॉक बसलेला हाय ना? काय हरकत नाय, आपण करून घेऊ. गाडी लय आवडली हाय आपल्याला."

"आम्ही अजून ठरवलेलं नाही!"

"दादा तर मागंच म्हणला, घेऊन जा म्हणून. तुम्हाला ती नकोच हाय म्हणला."

मी फोन ठेवला. आई चादरीची घडी छातीशी धरून उभी होती. चहा कुणी ओतत नव्हतं.

"शॉकला काही झालेलं नाही," मी म्हणाले. सभेत बोलते त्या आवाजात बोलायला गेले, तो आवाज निघालाच नाही. "मीच घालवतेय हवा. मोजून मोजून. गेज लावलं की जाते."

काकांनी कानटोपी वर सरकवून कान मोकळा केला. "म्हणजे? गळती नाही?"

"गळती मी आहे, काका."

"तरी मला वाटतच होतं," आई म्हणाली. "बाजारात बायका टोमॅटो दाबून दाबून बघतात आणि मग म्हणतात, मऊ आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

आईने फोनकडे बघितलं. तिथे दादा होता, कानटोपी घातलेला, आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

"दादा?"

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मीच बसवलाय ना शॉक. गेज लावलं की थोडी जातेच."

"माहीत होतं? पहिल्या दिवसापासून?" आता मात्र आवाज परत आला! "आणि तू मला साबण लावायला लावलास? माझी ओढणी? काकांवर पत्रक काढलं मी! ही दिशाभूल आहे! ही सरळसरळ..."

"सायले, बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी फोन उचलला असतास?"

"म्हणजे काय? मी नेहमीच उचलते!"

"'मीटिंगमध्ये आहे, नंतर करते.' वर्षभर हेच. रविवारी एकदा उचलायचीस, तेही चालता चालता. मला वाटलं, गाडीची तुम्हाला अडचणच होतेय. म्हणून म्हटलं विकू. आणि नंतर प्रशांतचं नाव काढलं की तू आणखी जोरात मोजायचीस."

मी गप्प. (असा प्रसंग बिल्डिंगने पूर्वी पाहिलेला नव्हता.)

"मग प्रशांतला काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांग की आईला चादर धुवायला गाडी लागते," मी म्हणाले.

तो हसला. आईही हसली आणि मग पदराने नाक पुसायला लागली. "येशील कधी?" तिने विचारलं. त्याने कानटोपी कानांवर खाली ओढली आणि म्हणाला, "हवा चाळीस करून ठेवा."

काका उठले. त्यांनी खुर्चीची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"चला. निकाल लागला म्हणायचा. मग उद्या... नाही ना यायचं?"

मी पंपाने हवा चाळीस केली आणि गेज खणात ठेवलं. दुसऱ्या सकाळी खरोखरच कुणी खाली गेलं नाही. आईने थर्मास धुऊन पालथा घातला. वर गॅलरीतून काकांचा आवाज आला, "गाडी सरळ लावा!" खाली कुणाचीही गाडी नव्हती.

त्याच्या पुढच्या सकाळी दादाचा फोन आला. वार रविवार नव्हता.

"सायले, शॉकचं झालं. पण मी म्हणतो, ती चेन कुरकुरते का गं?"

मी चपला घातल्या. खाली पोचेपर्यंत काका खुर्ची उघडून बसलेले होते. फोनचा आवाज वरपर्यंत जातो.

सध्या आमच्याकडे चेनच्या आवाजाची रीतसर चौकशी चालू आहे. अध्यक्ष मी, सदस्य गायधनी काका, चहाची जबाबदारी आईकडे, आणि कॅनडाहून विशेष निमंत्रित. चेनला दोन थेंब तेल घालावं असं अजून कुणीही सुचवलेलं नाही. तेलाची बाटली मी स्वतः माळ्यावर नेऊन ठेवली आहे. परवा काकांनी मुदतवाढीचा ठराव मांडला, आणि 'हिशेब द्या, नाहीतर खुर्ची सोडा' लिहिणाऱ्या बाईने सगळ्यांच्या आधी हात वर केला.